वरची पट्टी

“ते वर काय टीं-टीं करतंय रे? डोकं उठवलंय सकाळपासून,” वडील चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, तेव्हा त्याला हसूच आलं. वडिलांनी ऐंशी ओलांडलेली, दोन्ही कानांत यंत्रं, दाराची बेल वाजून वाजून थकली तरी हे आपले पेपरात डोकं घालून बसणार. आणि यांना म्हणे वर काहीतरी ऐकू येतंय. “काही नाही बाबा, तुमच्या कानातल्या मशिनची बॅटरी संपत आली असेल,” असं म्हणून तो पावाला लोणी लावत राहिला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “बाबांचं मशिन नाही हो. छताला लावलेलं ते धूर झाला की वाजणारं यंत्र आहे, बॅटरी संपली तरी ओरडतं ते. परवापासून सांगतेय, उतरवा म्हणून. माझ्या झोपेचं खोबरं झालंय आणि तुम्ही खुशाल घोरताय. कमाल आहे तुमची!” त्यानं वर पाहिलं. छताला चिकटलेल्या पांढऱ्या डबीतला लाल ठिपका लुकलुकला, त्याच क्षणी वडिलांच्या कपाळाला आठी पडली आणि बायकोनं “हं, बघा!” म्हटलं. त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो पुन्हा ठिपक्याची वाट पाहत राहिला. ठिपका लागला, आठी पडली, बायकोनं उसासा टाकला, सगळं क्रमानं झालं; मधला आवाज तेवढा झाला नाही. “हो, फारच त्रास देतंय,” तो म्हणाला, आणि चेहराही त्रास झाल्यासारखा केला. आपण असा चेहरा केला हे त्याच्या लक्षात आलं ते लिफ्टमध्ये. आरशात तो चेहरा अजून तसाच होता.

तानसेन होता आलं नाही तर कानसेन तरी व्हावं म्हणतात. तो पोटापाण्यासाठी कानसेन झाला होता. कंपनीत त्याला याच नावानं हाक मारत, आणि नव्या पोरापोरींना त्याचं खरं नाव माहीत असेल याची खात्री नव्हती. कंपनी रॉकेटं बनवायची. सरकारी नव्हे, खाजगी. कुणीही यावं, आपला उपग्रह द्यावा, भाडं भरावं, आम्ही वर नेऊन सोडतो, असा सरळ मालवाहतुकीचा धंदा. कुणाचा उपग्रह शेतांवर नजर ठेवणार, कुणाचा जहाजांवर, कुणाचा नुसता फोनवरचे निरोप इकडचे तिकडे ढकलणार. धंद्याला बरकत आली ती नव्या इंजिनामुळे. इंधन जिथं पेटतं ते चेंबर पूर्वी शेकडो बारीक नळ्या एकमेकींना जोडून, महिनोन् महिने खपून करावं लागे. आता एक यंत्र धातूची भुकटी थरावर थर वितळवत अख्खं चेंबर छापून काढत होतं. इंजिन तयार झालं की ते गावाबाहेरच्या माळावर घट्ट बांधून पेटवायचं आणि त्याचा आवाज टिपायचा. पुढची रीत कंपनीच्या पहिल्या दिवसांपासूनची होती. आकडे आणि आलेख बघण्याआधी सगळ्यांनी ऐकण्याच्या खोलीत बसून तो आवाज एकदा ऐकायचा, मधे कुणी बोलायचं नाही. आवाज संपला की सगळे कानसेनकडे बघत. तो डोळे उघडी आणि म्हणे, “स्वच्छ.” मग खुर्च्या सरकत आणि चहा येई.

बसस्टॉपवर उभं राहून त्यानं खिशातल्या किल्ल्या कानाशी हलवल्या. वाजल्या. जरा बरं वाटलं. पण किल्ल्या पूर्वी अशाच वाजत का, हे काही केल्या आठवेना. मग समोरच्या झाडावर पाखरं दिसली. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. रस्त्यावर रहदारी आहे, रहदारीत पाखरं कुणाला ऐकू येतात, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावता फोन काढून त्यात कान तपासायचा सूर शोधला. खालून हळूहळू वर चढत जाणारा एक सूर होता. तो कानाशी धरून त्यानं डोळे मिटले. सूर चढला, बारीक झाला, आणखी बारीक, आणि एका जागी भिंतीवरून पाल निघून जावी तसा निघून गेला. संपला वाटतं, म्हणून त्यानं आवाज वाढवला. आणखी वाढवला. “अहो, बंद करा ना ते! कानात घुसतंय नुसतं,” शेजारी उभी असलेली बाई दोन्ही कानांवर हात ठेवून त्याच्यावर खेकसली. तो “सॉरी, सॉरी” म्हणाला. बस आली तेव्हा तो तसाच उभा होता, आणि बाईच चढताना म्हणाली, “यायचंय ना तुम्हाला?”

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याला वडिलांचा छापखाना आठवला. लहानपणी डबा पोचवायला जायचा तो तिथं. यंत्रं अशी धडधडत की जमीन तळपायांना चावायची, आणि वडील त्या गदारोळात शांतपणे कागदाच्या कडेवरून बोट फिरवत उभे असत. घरी मात्र त्यांना काहीही सांगितलं की ते “हो, हो” म्हणत. भाजी आणा, हो हो. फी भरायची आहे, हो हो. भावंडं मागून खुदुखुदु हसत. एकदा तर “बाबा, मी तुमचं घड्याळ विकू का?” असं त्यानं हळूच विचारून पाहिलं होतं आणि वडिलांनी प्रेमानं “हो, हो” म्हटलं होतं. पुढं तो कॉलेजात असताना एका दुपारी आई न्हाणीघरात घसरून पडली. बाहेरच्या खोलीत वडील पेपर वाचत बसले होते. आई हाका मारत होती. तो घरी आला तेव्हा हाका संपून नुसतं कण्हणं उरलं होतं, आणि वडील अजून पेपरच वाचत होते. आई बरी झाली, पण तिची कंबर पुन्हा सरळ झाली नाही. त्या दिवशी तो वडिलांच्या अंगावर धावून गेला होता, “ऐकू येत नाही तर एकदा सांगायचं होतं ना तोंडानं! माणूस मेलं असतं!” वडिलांनी पेपराची घडी घातली. बऱ्याच दिवसांनी, तो विसरलाही असताना, बूट पुसता पुसता ते आपणहून म्हणाले, “मला वाटायचं, तुम्ही पोरं मोठी झालात, घर शांत झालं.”

बसच्या खिडकीच्या काचेला डोकं टेकवून तो हे वाक्य घोळवत राहिला, आणि घोळवता घोळवता एकदम ताठ बसला. कारण गेलं वर्षभर तो स्वतः जिथं तिथं सांगत सुटला होता की नवी छापील इंजिनं जुन्यांपेक्षा किती गोड वाजतात. जुन्यांच्या आवाजाला वरून एक खरखर असे, धार असे. नव्यांचा कसा भरीव, गोल, घोंगडीत गुंडाळल्यासारखा. भिंतीला जोड नाहीत, म्हणून ज्वाला शहाण्यासारखी वागते, असं त्यानं कारणही शोधून काढलं होतं. विक्री विभागानं त्याचं वाक्य उचलून माहितीपत्रकात टाकलं होतं. त्याला वाटलं होतं, इंजिनं सुधारली.

चांगलं इंजिन गर्जतं. बिघडू पाहणारं इंजिन त्या गर्जनेच्या आत, अगदी वरच्या पट्टीत, बारीक किंचाळतं. आतली ज्वाला चेंबरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर हेलपाटे घालू लागली की ती किंचाळी उठते, आणि टिकली तर ज्वाला भिंतच खाऊ लागते. माळावर बांधून पेटवलं तर कदाचित निभावेल; वर जाताना निभावेलच असं नाही. आलेखात त्या पट्टीत आजूबाजूच्या पंपांचाच कालवा इतका की नुसतं गवत माजलेलं दिसे, म्हणून संगणक तेवढा भाग गाळून टाकी. त्यासाठी नवी उपकरणं घ्यायचं दर वर्षी ठरे आणि दर वर्षी राहून जाई, कारण कानसेन होताच. फार पूर्वी, कंपनी एका पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हा, आलेख चांगला असताना त्यानं एक इंजिन नुसतं ऐकून अडवलं होतं. सगळे चिडले होते. कापून बघितलं तर आतली इंधन फवारणारी तबकडी तडकलेली. त्या दिवसापासून त्याच्या शब्दापुढे कुणी जाईना. तो कान त्यानं जिवापाड जपायला हवा होता. पण त्यानं काय केलं, तर चाचणी चालू असताना बाकीचे कानांवर जाड झाकणं चढवून बसत, आणि हा उजव्या कानावरचं झाकण बोटानं जरासं उचलून धरी. खरा आवाज कळायला नको? नवी पोरं त्याच्या त्या बोटाकडे भक्तिभावानं बघत, आणि ती बघतात हे त्याला ठाऊक होतं. खोटं कशाला बोला, ते त्याला आवडायचंही.

कार्यालयात सकाळीच लगीनघाई उडाली होती. परवा उड्डाण. तिकडे समुद्राकाठी रॉकेट उभं होतं, त्याच्या बुडाशी नऊ इंजिनं, नऊही त्यानं “स्वच्छ” म्हटलेली, आणि डोक्यावर बाराजणांचे उपग्रह. दुपारी शेवटची बैठक होती. तिथं प्रत्येक कामाच्या प्रमुखाला नाव घेऊन विचारत आणि त्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. इंधनवाला हो, दिशावाला हो, हवामानवाला हो, इंजिनं? इंजिनांचा हो त्याचा. त्याच्यासोबत शेडमध्ये रात्री जागवलेला, आता मुख्य अभियंता असलेला त्याचा मित्र, ज्याला हात मागे बांधून फेऱ्या मारायच्या सवयीमुळे सगळे हेडमास्तर म्हणत, तो जिन्यात भेटला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय कानसेन, चेहरा का उतरलाय? परवा मिठी मारणार आहे तुला, आंघोळ करून ये.” तो हसला. पुढे कँटीनच्या दाराशी बारा गिऱ्हाइकांपैकी एक पाहुणी बाई दिसली. तिची पाच-सहा माणसांची छोटी कंपनी. बुटांच्या खोक्याएवढा एकुलता एक उपग्रह. गेल्या आठवड्यात चहा घेताना तिनं त्याला विचारलं होतं, “तुम्हीच ते ना, इंजिनं ऐकणारे?” तो म्हणाला होता, “हो, मीच तो.” “मग आमचं ऐकलंत ना नीट?” “ऐकलं.” एवढंच. तिनं सुटकेचा श्वास सोडला होता आणि आपल्या बशीतलं बिस्किट त्याच्यापुढे सरकवलं होतं. आत्ता तिनं लांबून हात हलवला. त्यानंही हलवला.

आपल्या खोलीत येऊन त्यानं दार लावलं आणि स्वतःशी वकिली सुरू केली. वय झालं की थोडं कमी ऐकू येतंच. कालपरवापासूनच येत नसेल. इंजिनं तर केव्हाच ऐकून झाली. शिवाय सगळी पुरा वेळ जळली, कुठं काही झालं नाही. आपण काही बोललो नाही तर कुणाला कळणार आहे? आणि बोललो तर? उड्डाण थांबेल, बारा गिऱ्हाइकं दारात उभी राहतील, कंपनी आधीच एका उड्डाणावर श्वास धरून आहे. हे सगळं खरं होतं. पण याच्याही खाली जे होतं ते त्याला नीट दिसत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. त्याला भीती वाटत होती ती खुर्चीची. घरातल्या त्या खिडकीजवळच्या खुर्चीची, जिथं बसून वडील लोक हसले की उशिरानं हसत. कान गेलेल्या कानसेनला कोण विचारतो? उद्यापासून ऐकण्याच्या खोलीत आवाज संपल्यावर लोक दुसऱ्याच कुणाकडे बघतील, आणि आपण कोपऱ्यात बसून त्यांच्या तोंडांवरून अंदाज घेत राहू. त्यानं घड्याळ पाहिलं. बैठकीला थोडा वेळ होता. दिशावाल्याला हो म्हणताना बघितलं की आपल्याही तोंडून हो निघून जाईल, हे त्याला पक्कं माहीत होतं. आजवर दर वेळी तसंच निघालं होतं. तो उठला.

ऐकण्याच्या खोलीत त्याच्या हाताखालची एक पोरगी वायरी गुंडाळत होती. इंजिन पेटवणारी ठिणगी तिच्याकडे, म्हणून तिचं नावही ठिणगी. तीन वर्षांपूर्वी लागली तेव्हापासून प्रत्येक इंजिन तिनं त्याच्या शेजारी बसून ऐकलं होतं. “सर, तुम्ही इथं? बैठक आहे ना?” “आहे. जरा शेवटच्या इंजिनाचा आवाज लाव.” “आत्ता?” “आत्ताच. आणि एक कर. नुसत्या गर्जनेपेक्षा वेगळं काही ऐकू आलं की बोट वर कर. गेलं की खाली.” ती हसली. “परीक्षा घेताय का, सर?” “हो, परीक्षाच आहे,” तो म्हणाला. कुणाची ते सांगायचं धाडस झालं नाही. तिनं बटण दाबलं. गर्जना खोलीत भरली, खुर्चीच्या पाठीतून त्याच्या बरगड्यांत शिरली, भरीव, गोल, त्याला आवडायची तशी. त्यानं सवयीनं डोळे मिटले आणि मग मुद्दाम उघडले. तिचं बोट वर होतं. नुकतंच गेलं असेल असं त्याला वाटलं. आता खाली येईल, म्हणून तो बघत राहिला. बोट खाली आलं नाही. गर्जना पूर्ण वेळ चालली, ओसरली, बंद पडली, आणि त्यानंतरच ते खाली आलं.

“काय ऐकलंस?” त्यानं विचारलं. “ती शीळ, सर. वरची.” “कोणती शीळ?” तिनं त्याच्याकडे जरा गोंधळून पाहिलं. “म्हणजे, नेहमीची.” “नेहमीची,” तो म्हणाला, “आणि तू एकदाही बोलली नाहीस?” “तुम्ही स्वच्छ म्हणालात ना, सर.” ती आता भराभर बोलू लागली. “पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी घाबरले होते. खरंच. तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही अगदी शांत. मला वाटलं, ही चालत असेल. नव्या चेंबरची असेलच अशी. व्हॉल्व्हवाल्यांनाही विचारलं मी. त्यांनाही येते ऐकू. ते म्हणाले, कानसेननं ऐकलीय ना, मग झालं तर. आपण काय त्याच्याहून शहाणे? बाकीचेही तेच म्हणाले.” “म्हणजे सगळ्यांना येते?” “हो. का? तुम्ही ऐकून सोडून दिलीत ना, सर?”

“मला ती ऐकू येत नाही,” तो म्हणाला. तोंडानं बोलून झाल्यावर त्याला ते एवढं छोटं वाक्य वाटलं. तिच्या ओठांवर हसू आलं, कारण तो थट्टा करतो हे सगळ्यांना माहीत होतं. ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलं नाही. मग तिचं हसू हळूहळू गेलं, आणि तिनं न विचारता आवाजाचा वेग निम्मा केला आणि पुन्हा बटण दाबलं. गर्जना जडावली, बैलासारखी हंबरू लागली, आणि तिच्या डोक्यावर, एवढे दिवस त्याच्या कानाच्या वर राहिलेली ती शीळ खाली उतरून आली. स्पष्ट. सरळ. कुठं तुटत नव्हती, थांबत नव्हती. त्याला घाम फुटला. त्या बाईचं बिस्किट आठवलं. आणि तरीही, ती ऐकू आली, ऐकू आली एकदाची, म्हणून आत कुठेतरी आनंदही झाला, आणि त्या आनंदाची त्याला सगळ्यांत जास्त शरम वाटली. “बंद कर,” तो म्हणाला.

फोन वाजला. हेडमास्तरच होता. मागे खुर्च्यांचे आवाज, कुणाचं तरी खोकणं. “अरे आहेस कुठं? सगळे येऊन बसलेत. तुझ्या एका शब्दासाठी खोळंबलंय.” “माझं नाही आहे,” तो म्हणाला. “काय नाही आहे?” “इंजिनांना माझं उत्तर ‘नाही’ आहे. शीळ आहे. मी ऐकली नव्हती. मला वरचं ऐकू येत नाही. कधीपासून ते विचारू नकोस, मला माहीत नाही. पण आहे ती, इथं पोरीनं ऐकलीय, आणि वेग कमी करून मीही ऐकली.” पलीकडे खुर्ची सरकली, दार लागल्याचा आवाज आला. आता हेडमास्तरचा आवाज अगदी खाली गेला होता, शेडमधल्या दिवसांत असायचा तसा. “कुठल्या इंजिनात?” एवढंच त्यानं विचारलं. कानसेननं फोनवर हात ठेवला आणि ठिणगीकडे बघितलं. “कुठल्या कुठल्या इंजिनात ऐकलीस तू ती?” ती खुर्चीत बसली, डोळे मिटले, आणि एकेक इंजिन आठवत बोटांवर मोजू लागली. तो फोन धरून बघत राहिला. एका हाताची बोटं संपली, तेव्हा तिनं दुसरा हात पुढे घेतला.